रात्रीची उतरली असं वाटतं, तेव्हा रक्तात काय असतं

सकाळचे साडेआठ वाजले होते. माझा मावसभाऊ गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसलो होतो. आदल्या रात्री तो मित्रांबरोबर बसला होता, एक वाजता झोपला आणि सहाच्या गजराला उठला. गरम पाण्याने आंघोळ, दोन कप कडक चहा, पोटभर नाश्ता, अंगात इस्त्रीचा शर्ट. बोलणं स्वच्छ, चाल सरळ. नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला लावली, पोलिसाने नळी पुढे केली, आणि याने निर्धास्तपणे फुंकर मारली. यंत्रावर आकडा आला ४१, म्हणजे १०० मिलीलीटर रक्तामागे ४१ मिलीग्रॅम दारू. कायद्याची मर्यादा ३०.

"साहेब, रात्रीची आहे हो ती. कधीच उतरली," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. दोन तास त्याच्या शेजारी बसून मलाही तसंच वाटत होतं, आणि हीच गोष्ट मला जास्त लागली.

'चढली' आणि 'उतरली' हे आपले रोजचे शब्द आपल्याला काय जाणवतं ते सांगतात. रक्तात किती दारू आहे, हा हिशेब निराळा असतो. हे दोन्ही बरोबर चालतात असं आपण गृहीत धरतो, पण ते बरोबर चालत नाहीत. कधी, कुठे आणि का चालत नाहीत, हे नीट कळावं म्हणून एका घोटाचा शरीरातला प्रवास शांतपणे पाहू.

ग्लासात नेमकं किती

आपण पेग मोजतो, शरीर ग्रॅम मोजतं. बियर, वाईन, व्हिस्की, रम यांची चव आणि रंग वेगळे असले तरी नशा आणणारं रसायन एकच असतं, ते म्हणजे इथेनॉल. ते पाण्यापेक्षा हलकं आहे, एका मिलीलीटरचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम. त्यामुळे हिशेब सोपा आहे. ३० मिलीच्या पेगमध्ये ४० टक्के अल्कोहोल असेल तर १२ मिली शुद्ध इथेनॉल झालं, म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बियरच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये १३ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली घेतली, तर ४१ ग्रॅम.

हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. "मी फक्त एक बियर घेतली" म्हणणाऱ्या माणसाने ३० मिलीच्या चार पेगांहून जास्त अल्कोहोल घेतलेलं असू शकतं. 'फक्त बियर' या दोन शब्दांनी जितक्या गाड्या रस्त्यावर आणल्या असतील, तितक्या कडक दारूने आणल्या असतील का, याची मला शंका आहे.

पोटातून रक्तात

भाकरीचा घास पचावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं रक्तात जाण्यासारखं काही बनतं. इथेनॉलला पचनाची गरजच नसते. त्याचा रेणू इतका लहान आणि पाण्यात इतका सहज मिसळणारा असतो की तो आहे तसाच भिंती ओलांडून रक्तात शिरतो. थोडं जठरातून जातं, पण बहुतेक सगळं, सुमारे ८० टक्के, लहान आतड्यातून. जठर आणि लहान आतडं यांच्यामध्ये स्नायूंचं एक दार असतं. पोटात अन्न असेल तर ते दार जठरातला माल थोडा थोडा करून पुढे सोडतं. पोट रिकामं असेल तर दारू सरळ आतड्यात जाते. म्हणून उपाशीपोटी अर्ध्या-एक तासात रक्तातलं प्रमाण शिगेला पोचतं आणि भरल्या पोटी त्याला दोन तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. खाल्ल्यावर दारू 'शोषली जाते', चरबीत अडकते, असं काहीतरी लोक सांगतात. अन्नाने मुख्यतः वेग कमी होतो. शिखर जरा खाली राहतं आणि उशिरा येतं. उशिरा येतं याचा अर्थ असा की माणूस जेवून, हात धुऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन गाडीत बसतो तेव्हा त्याला बरं वाटत असतं, आणि शिखर गाठलं जातं ते वाटेत, स्टिअरिंगवर हात असताना.

रक्तात गेल्यावर इथेनॉल शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरतं. चरबीत ते फारसं जात नाही. म्हणून ज्याच्या अंगात पाणी जास्त, त्याच्याकडे तेवढीच दारू जास्त पातळ होते. पुरुषांच्या शरीरात सरासरीने पाण्याचा वाटा जास्त असतो, स्त्रियांच्या कमी. त्यात वजनही कमी असेल तर तीच मात्रा पिऊन स्त्रीच्या रक्तातलं प्रमाण सहज दीडपट होऊ शकतं. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी घटतं, म्हणून तिशीत 'सहज झेपणारी' मात्रा साठीत जड जाते. यात मनाच्या खंबीरपणाचा काही संबंध नाही, साठवण किती मोठी आहे एवढाच प्रश्न आहे.

यकृताचं घड्याळ

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्यायलेल्या दारूपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दारू यकृत निकालात काढतं. लघवी, घाम आणि श्वास यांतून बाहेर जाणारा वाटा फार थोडा. यकृतातलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन, इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड बनवतं. हे बऱ्यापैकी विषारी असतं, चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, मळमळणं यांत त्याचा हात असतो. दुसरं एन्झाइम त्याचं ॲसिटेट बनवतं, आणि पुढे त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये हे दुसरं एन्झाइम जन्मतःच अशक्त असतं, म्हणून अर्ध्या ग्लासात त्यांचा चेहरा लालबुंद होतो.

पहिल्या एन्झाइमची कामाची ताकद ठरलेली असते आणि ती फार लवकर संपते. एक-दोन पेगांतच त्याचे हात भरतात. त्यानंतर तुम्ही रांगेत कितीही दारू उभी करा, ते आपल्याच गतीने एकेक रेणू पुढे ढकलत राहतं. एकच खिडकी उघडी असलेलं तिकीटघर डोळ्यांसमोर आणा. रांग दहा जणांची असो की शंभर जणांची, तिकिटं तासाला तेवढीच फाटणार. बहुतेक माणसांत ही गती दर तासाला १०० मिलीलीटर रक्तामागे १० ते २० मिलीग्रॅम असते, सरासरी धरा १५. रोज पिणाऱ्यांमध्ये ती थोडी वाढते, यकृत खराब झालेलं असेल तर घटते.

आता एका रात्रीचा हिशेब मांडू. स्वीडनमध्ये विडमार्क नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेलं सूत्र यासाठी आजही वापरतात. ७० किलोचा पुरुष आहे. त्याने रात्री साडेनऊला सुरुवात केली, एक वाजता थांबला, आणि ६० मिलीचे पाच पेग घेतले. एकूण इथेनॉल सुमारे ९५ ग्रॅम. सूत्राप्रमाणे हे सगळं एकदम रक्तात आलं असतं तर १०० मिलीमागे सुमारे २०० मिलीग्रॅम भरलं असतं. पहिल्या घोटापासून यकृत तासाला १५ कमी करतंय. सकाळी सात वाजेपर्यंत साडेनऊ तास झाले, १४२ गेले, ५८ उरले. नऊ वाजता अजून २८ शिल्लक. शून्यावर यायला अकरा वाजत येतात. तोवर हा माणूस दाढी करून, कपडे घालून, मुलांना शाळेत सोडून, कामाच्या जागी दोन कामं उरकूनही झालेला असतो.

हा आकडा अंदाजाचा आहे. माणसागणिक तो बराच हलतो, म्हणून 'मी अमुक वाजता गाडी काढू शकतो' असं ठरवायला तो वापरू नये. पण माझ्या मावसभावाच्या यंत्रावर ४१ कुठून आले, हे त्यातून उघड होतं. झोपलं की उतरते असं आपण म्हणतो, त्यात तथ्य एवढंच की झोपेत तास जातात. सहा तास झोपलात तर सहा तासांपुरतीच कमी झाली.

मग चहा, कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, घाम गाळणं, उलटी करणं? यकृताचा वेग यातल्या कशानेही वाढत नाही. उलटीने पोटात अजून शिल्लक असलेलं बाहेर येईल, रक्तात गेलेलं नाही. कॉफीबद्दल तर मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. कॅफीनने झोप उडते, पण रक्तातली दारू जिथल्या तिथे राहते. पेंगुळलेला पिणारा निदान मागच्या सीटवर आडवा होतो. कॉफीने टवटवीत झालेला पिणारा किल्ली मागतो.

मेंदूत आधी कोण झोपतं

मेंदूच्या पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात. काही रसायनं 'थांब' सांगतात, काही 'चल' सांगतात. 'थांब' सांगणाऱ्यांत गाबा मुख्य, 'चल' सांगणाऱ्यांत ग्लुटामेट. दारू गाबाचा आवाज चढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. म्हणजे दारू मुळात गुंगी आणणारं द्रव्य आहे. मग सुरुवातीला माणूस खुलतो, गप्पा मारतो, गातो, ते कसं? कारण मेंदूच्या पुढच्या भागात जो पहारेकरी बसलेला असतो, जो "हे बोलू नकोस, इतकं जोरात नको, आता पुरे" असं सांगत असतो, त्यालाच आधी गुंगी येते. शिवाय डोपामीनमुळे सुखाची एक लाटही येते. पहारेकरी पेंगला की घर मोकळं झाल्यासारखं वाटतं.

गाडीच्या दृष्टीने सगळी गोम इथे आहे. 'मी गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहे का' हा प्रश्न मेंदूचा जो भाग सोडवतो, तो दारूच्या अगदी पहिल्या तडाख्यात सापडतो. हातपाय लटपटायच्या कितीतरी आधी. पायात झोकांड्या नाहीत, जीभ जड नाही, म्हणून आपण शाबूत आहोत असा निकाल माणूस देतो, पण निकाल देणाराच पेंगलेला असतो. त्या अवस्थेत त्याच्याशी हुज्जत घालून फारसा उपयोग का होत नाही, हेही यावरून समजावं. तो हट्टी असतो असं नाही, त्या क्षणी ते जोखण्याचं साधनच त्याच्याकडे नसतं.

प्रमाण वाढलं की लहान मेंदू सापडतो. तोल, हालचालींमधली सफाई, हात नेमका तिथेच नेणं ही त्याची कामं. कुलपात किल्ली पहिल्या झटक्यात न जाणं, ही त्याची पहिली खूण. त्यानंतर आठवणी साठवणारा भाग. तो बंद पडला की माणूस चालतो, बोलतो, पैसे देतो, गाडीही चालवतो, पण त्यातलं काही साठवलंच जात नाही. सकाळी त्या तासांच्या जागी कोरा कागद असतो. "घरी कसा आलो ते आठवत नाही" हे वाक्य लोक हसत सांगतात. मला ते ऐकून कधी हसू आलेलं नाही. त्या अंधाऱ्या तासात रस्त्यावर आणखी कोण कोण होतं, हाच विचार येतो. सगळ्यात शेवटी, फार जास्त प्रमाणात, श्वास चालवणारं केंद्र मंदावतं आणि माणूस जिवाला मुकतो.

डोळे आणि कान

दारूने दिसायचं बंद होत नाही, म्हणून डोळ्यांवरचा परिणाम लोकांच्या ध्यानात येत नाही. चालती वस्तू पाहताना डोळे तिच्यामागे गुळगुळीत सरकतात. दारूने ते सरकणं तुटक, झटक्याझटक्याचं होतं. समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला की नजर पुन्हा जागेवर यायला जास्त वेळ लागतो. आणि लक्ष समोरच्या एका ठिपक्यावर खिळतं. रस्त्याच्या कडेने चाललेला, दिवा नसलेला सायकलवाला डोळ्यांत पडतो, पण लक्षात भरत नाही.

कानातली गोष्ट तर फार चमत्कारिक आहे. तोल सांभाळायला आतल्या कानात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. प्रत्येक नलिकेत जिलेटिनसारखा एक मऊ पडदा असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. एरवी पडदा आणि द्रव यांची घनता सारखी असते, म्हणून गुरुत्वाकर्षणाने पडदा हलत नाही. दारू रक्तातून आधी पडद्यात शिरते, द्रवात नंतर. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पडदा हलका होऊन तरंगू लागतो. माणूस आडवा झाला की डोकं स्थिर असूनही पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की आपण फिरतोय. डोळे मिटले की पलंग गरगरतो तो यामुळे. पुढे द्रवातही दारू पोचते आणि काही काळ सगळं शांत होतं. मग उतरताना उलटं घडतं. पडद्यातून दारू आधी निघून जाते, द्रवात राहते, आता पडदा जड. चक्कर पुन्हा सुरू होते, पण उलट्या दिशेने, आणि रक्तातलं प्रमाण शून्यावर आल्यानंतरही ती काही तास टिकू शकते. यंत्रावर शून्य आलं म्हणून सकाळी सगळं जागेवर आलं, असं म्हणता येत नाही ते यामुळेही. त्यात दारूने मोडलेली झोप भर घालते. रात्रीचा पहिला भाग गाढ जातो, दुसऱ्या भागात झोप तुटत राहते आणि स्वप्नांची झोप कमी पडते.

साठच्या वेगात पाच मीटर

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर धावते. पुढे काहीतरी आडवं आलं आणि तुम्ही पूर्ण शुद्धीत असाल, तर दिसणं, उमजणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर त्यानंतर गाडी थांबायला सुमारे २० मीटर लागतात. एकूण साधारण ३७ मीटर. समजा ३७ मीटरवर एक मूल चेंडूमागे रस्त्यात आलं. तुमची गाडी त्याच्यापुढे अगदी बोटभर अंतरावर थांबते. मूल घाबरतं, तुम्ही घामाघूम होता, पण सगळे घरी जातात.

आता सगळं तेच ठेवा, फक्त चालकाला ०.३ सेकंद उशीर होऊ द्या. डोळ्याची पापणी एकदा लवते, जवळजवळ तेवढा वेळ. एवढ्यात गाडी ५ मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबायलाही तेवढंच अंतर कमी पडतं. गाडी मुलापाशी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३० किलोमीटर असतो. ६० चे ३० झाले तर निम्मा धोका गेला असं मन सांगतं, पण वेग आणि अंतर यांचं नातं तसं नाही. ब्रेक दाबल्यावर वेग सुरुवातीच्या मीटरमध्ये हळू कमी होतो आणि निम्मा वेग शेवटच्या पाच मीटरमध्येच संपतो. पिणारा चालक गमावतो ते हेच शेवटचे मीटर.

आणि उशीर हा एकच भाग झाला. लेन धरून ठेवणं, आरशात बघणं, पुढच्या गाडीचं अंतर जोखणं, शेजारचा काय करेल याचा अंदाज बांधणं, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. अशी विभागलेली जागरूकता फार कमी दारूनेही ढासळते, १०० मिलीमागे ५० मिलीग्रॅमच्या खालीसुद्धा. दुचाकीवर तर तोलच आधी जातो, म्हणून तिथे 'थोडीशीच घेतली' याला आणखी कमी अर्थ आहे.

धोका आकड्याबरोबर सरळ चढत नाही, वर वर जाताना तो उसळी घेतो. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स या शहरात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक मोठी पाहणी झाली. अपघातात सापडलेले हजारो चालक आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणारे हजारो चालक यांच्या श्वासाची तुलना केली गेली. ८० मिलीग्रॅमच्या पुढे अपघाताची शक्यता झपाट्याने वाढते, हे त्यातून लख्ख दिसलं आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांना त्याचा आधार मिळाला. १०० मिलीग्रॅमला ही शक्यता न प्यायलेल्या माणसाच्या सुमारे पाचपट धरली जाते. तरुण आणि नवख्या चालकांमध्ये त्याच प्रमाणाला धोका आणखी जास्त असतो.

"मला नाही चढत"

रोज पिणाऱ्याचं हे म्हणणं खरंच असतं, आणि म्हणूनच ते जास्त घातक. मेंदू सवयीने दारूशी जुळवून घेतो. ओळखीच्या कामांत, म्हणजे बोलणं, चालणं, रोजच्या रस्त्याने जाणं यांत, तो सांभाळून घ्यायला शिकतो. पण रक्तातला आकडा तोच असतो. आणि अपघात ओळखीच्या कामात होत नाही, तो अचानक समोर आलेल्या अनोळखी क्षणात होतो. सवयीने तिथे काही शिकवलेलं नसतं.

दुसरी फसगत एकाच रात्रीत होते. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये ती नोंदवली. समजा रात्री दहाला चढताना रक्तात ७० होते आणि दोन वाजता उतरतानाही ७० आहेत. आकडा सारखाच, पण दोन वाजता माणसाला कितीतरी बरं वाटतं. आधीच्या शिखराशी तुलना होते म्हणून म्हणा, किंवा मेंदू काही तासांत जुळवून घेतो म्हणून म्हणा. पण वाटणं जितकं सुधारतं, तितकी गाडी चालवण्याची क्षमता सुधारत नाही. 'उतरली' हा शब्द माणूस नेमका याच टप्प्यावर उच्चारतो.

नळीत फुंकर

पोटातला वास यंत्र पकडतं, म्हणून बडीशेप किंवा पेपरमिंट खाल्लं की सुटू, असं समजणारे अजून भेटतात. यंत्र फुप्फुसातल्या खोल हवेतलं इथेनॉल मोजतं. रक्त फुप्फुसातून जाताना थोडं इथेनॉल हवेत उडतं, आणि हे प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. साधारण २१०० मिलीलीटर श्वासात जितकं इथेनॉल, तितकं १ मिलीलीटर रक्तात. म्हणून जोरात आणि लांब फुंकायला लावतात, शेवटची हवा खोलातली असते. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये असं पहिलं सुटसुटीत यंत्र बनवलं. त्यात पिवळं रसायन इथेनॉलने हिरवटपणाकडे झुकायचं आणि रंगावरून आकडा काढायचे. आज हातात मावणाऱ्या बहुतेक यंत्रांत इथेनॉलची प्लॅटिनमवर ऑक्सिजनशी रासायनिक प्रक्रिया होऊन बारीक वीज तयार होते आणि ती मोजली जाते. नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या द्रवाने चूळ भरली असेल तर तोंडातल्या वाफेने आकडा फुगतो, म्हणून मोजण्याआधी पंधरा मिनिटं थांबण्याची पद्धत आहे.

कायद्याची मर्यादा जागोजागी वेगळी आहे. १०० मिली रक्तामागे भारतात ३०, स्वीडनमध्ये २०, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५०, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ८०, तर हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकात शून्य. मेंदू मात्र सगळीकडे सारखाच. २९ ला सुरक्षित आणि ३१ ला धोकादायक, असं शरीरात काही घडत नाही. मर्यादा म्हणजे शिक्षा कुठून सुरू होते त्याची रेघ, क्षमता तिच्या कितीतरी अलीकडेच घटायला लागलेली असते.

जागरण यात मिसळलं की परिस्थिती आणखी बिघडते. सलग १७ तास जागं राहिल्यावर, एक थेंबही न पिता, हालचालींतली अचूकता ५० मिलीग्रॅम दारू असल्याइतकी घसरते, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. सहाला उठलेला माणूस रात्री अकराला तिथे आधीच पोचलेला असतो. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या यांच्याबरोबर दारू घेतली तर परिणाम नुसता जोडला जात नाही, एकमेकांना वाढवतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विशेष जपावं. यकृत दारूत गुंतलं की नवी साखर बनवायचं मागे पडतं, रक्तातली साखर धोकादायक खाली जाते, आणि बघणाऱ्यांना वाटतं की यालाच जास्त झाली.

वर्षानुवर्षं पिण्याचे परिणाम हा वेगळ्या लेखाचा विषय, तरी एवढं सांगतो. यकृतात आधी चरबी साठते, ती दारू सोडल्यावर बरीचशी जाऊ शकते. पुढे सूज आणि मग सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होणं, तिथून पूर्ण परत येणं कठीण. मद्य कर्करोग घडवतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या, म्हणजे खात्रीने कर्करोग घडवणाऱ्या, गटात नोंदवलं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांचे कर्करोग त्यात येतात. आणि अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

किल्ली केव्हा द्यायची

पहारेकरी पहिल्या पेगबरोबर पेंगू लागतो, म्हणून गाडीचा निर्णय त्याच्या आधी व्हायला हवा. संध्याकाळी घरून निघताना गाडी न नेणं, किंवा पोचल्या पोचल्या किल्ली न पिणाऱ्याच्या खिशात देणं. तेव्हा माणूस हसत देतो. रात्री बारानंतर तीच किल्ली मागितली की त्याला तो अपमान वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं असेल तर तेही आदल्या संध्याकाळीच ठरवावं. माझा मावसभाऊ आता तसंच करतो, सकाळच्या सातच्या गाडीचं दुसऱ्या कुणाला आधीच सांगून ठेवतो.

आणि जो गाडीपर्यंत जाऊच शकत नाही, कोपऱ्यात आडवा पडतो, त्याच्याबद्दल. "झोपू दे, उतरेल" म्हणून खोलीचं दार लोटून घेतात, ते करू नका. शेवटचे पेग अजून पोटात असतात. तो झोपला तरी आतडं ते रक्तात घेतच राहतं आणि पुढचा काही वेळ प्रमाण चढतच जातं. त्याला उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. डोक्याला मार लागला होता का ते विचारा. पडल्यावर बरळणं, पुन्हा पुन्हा उलट्या, एक बाहुली मोठी दिसणं, हे दारूचं म्हणून सोडून दिलं आणि आत रक्तस्राव निघाला, असं होऊ शकतं. शेजारी कुणीतरी जागं बसा आणि घड्याळ लावून श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी होत असतील, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंग गार पडलं असेल किंवा हलवूनही जाग येत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवा, आणि किती घेतली, केव्हा घेतली, ते न लपवता सांगा.